खडीचा पखवाज

ज्या मुलखात मृगाची पहिली सर कोसळताच दारांच्या बिजागऱ्या, छत्र्यांच्या काड्या, कोयत्यांची पाती आणि म्हाताऱ्यांचे गुडघे एकाच वेळी कुरकुरू लागतात, ज्या मुलखात समुद्राचा खारा वारा आणि तीन हजार मिलिमीटरांची मर्यादा बहुतेक वर्षी ओलांडणारा पाऊस यांनी संगनमत करून लोखंडमात्रावर कायमची जप्ती आणलेली आहे, त्या मुलखातल्या सुज्ञ गृहस्थाने पत्र्याची मोटार बाळगावी, हे माझ्या बुद्धीस कधीच पटले नाही. म्हणून मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाल्यावर, घाटावरच्या एका हौशी कारागिराने जुन्या सांगाड्यावर फायबरचे अंग चढवून तयार केलेली आणि कागदपत्रांनी सर्वस्वी निर्दोष अशी एक गाडी जेव्हा माझ्या दृष्टीस पडली, तेव्हा मी ती घेतली आणि बांद्याच्या बाजारपेठेतून सावकाश फिरवून आणली. गंजाने ग्रासलेल्या गाड्यांचे मालक आपापल्या दारांत उभे होते. त्यांच्याकडे मी करुणेने पाहिले. माणसाने दुसऱ्याच्या पत्र्याकडे करुणेने पाहू लागण्यापूर्वी स्वतःची गाडी एकदा तरी खडीवरून चालवून पाहावी, असा दंडक आमच्या कोणत्याच शास्त्रकाराने घालून दिलेला नाही.

फायबरची मोटार ही कोणा विक्षिप्ताची कल्पना आहे, असा समज आमच्याकडे प्रचलित असल्यामुळे घरी येणाऱ्या पाहुण्यांस मी तिचा पूर्वेतिहास चहाच्या आधीच सांगून टाकतो; चहानंतर पाहुणे थांबत नाहीत असा अनुभव आहे. १९५३ साली अमेरिकेत शेवरोलेच्या कार्व्हेट नामक गाडीचे पहिले तीनशे नग याच काचतंतूंच्या अंगाने बाहेर पडले. आपल्याकडे १९८२ च्या सुमारास बंगळूरच्या सिपानी कंपनीने इंग्लंडातील रिलायंट किटनवरून बेतलेली, ८४८ घन सेंटिमीटर इंजिनाची डॉल्फिन आणली, तीही फायबरचीच. परंतु १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० अवतरली आणि अवघे राष्ट्र पत्र्याच्या नादी लागले. इतके सांगून होईपर्यंत पाहुणे बहुधा गाडीपाशी जाऊन तिच्यावर बोटाच्या पेराने टकटक करून पाहत असतात. लोखंडी गाडीवर कोणी टकटक करीत नाही. फायबरच्या गाडीवर टकटक केल्यावाचून कोणी पुढे जात नाही.

आता मूळ दुखण्याकडे वळतो. झाराप ते पत्रादेवी या चौपदरी तुकड्यावर आमची गाडी मौनव्रत पाळते. परंतु बांद्यातून दाणोलीकडे, दोडामार्गाकडे, सातार्ड्याकडे वाटा फुटतात, आणि त्यांपैकी एकीवर (कोणत्या ते सांगत नाही, मला अजून तिच्यावरूनच ये-जा करायची आहे) डांबर शिंपडून त्यावर बारीक खडी पसरावी, आणि ती दाबण्याचे उरलेले काम येणाऱ्या-जाणाऱ्या वाहनांच्या चाकांवर सोपवावे, अशी एक काटकसरीची वहिवाट रूढ झालेली आहे. या वाटेला लागताच मडगार्डांच्या आत जो नाद उठतो, त्याने पहिल्या दिवशी आमच्या कुटुंबाने माझा दंड घट्ट धरला होता.

"अहो, काय तुटलं?"

"काही तुटलं नाही. खडी आहे."

"मग खडी आत कशी आली?"

खडी आत आलेली नव्हती. केवळ तिचा आवाज आला होता, आणि तो का यावा याचा मी कचेरीतल्या प्रकरणाप्रमाणे कसून तपास केला. गाडी ताशी साठ किलोमीटरांनी धावत असेल, तर टायरच्या खाचेतून सुटलेला खडा मडगार्डाच्या आतल्या बाजूवर जवळजवळ त्याच वेगाने, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर या हिशेबाने, आदळतो. पोलाद पाण्याच्या पावणेआठ पट जड, तर राळ आणि काचतंतू यांचा हा पापुद्रा जेमतेम दीड-पावणेदोन पट. म्हणजे पत्र्याहून तो कितीतरी जाड असला तरी एकंदर वजनाने हलकाच भरतो, आणि हलक्या, ताणून बसवलेल्या पृष्ठावर थाप पडली की ते बोलते. शिवाय पत्र्याला खडा लागला तर आत एखादा पोचा पडून प्रकरण तिथेच दप्तरी दाखल होते. फायबरला आतून मार बसला की बाहेरच्या चकचकीत थराला, जो ठिसूळ असतो, चांदणीच्या आकाराचे तडे जातात. आमच्या पुढच्या डाव्या मडगार्डावर अशा तीन चांदण्या एका रेषेत उमटल्या, तेव्हा शेजारच्या ज्योतिषीबुवांनी त्यांत मृगाचा बाण ओळखला आणि पाऊस वेळेवर येईल असे सांगितले. पाऊस वेळेवर आला. चांदण्याही वाढल्या.

परंतु खरी अब्रू गेली ती सरहद्दीवर. बांद्यापासून गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर, आणि पलीकडे मद्य स्वस्त. त्यामुळे आमच्याकडच्या नाक्यांवरील शिपायांचे कान वाद्यवृंदातल्या कलावंतांपेक्षा तयार झालेले असतात. एका सायंकाळी पेडण्याहून एका मुंजीचे जेवण आटोपून मी परतत होतो. नाक्याच्या अलीकडे रस्त्याचे काम चाललेले, चाकांच्या खाचा खडीने भरलेल्या, आणि आमची गाडी बाटल्यांचे चाळीस-पन्नास डझन पोटात घेऊन यावे अशा थाटात खळखळत नाक्यावर दाखल झाली.

"आत काय आहे?"

"काही नाही."

"मग वाजतंय काय?"

"मडगार्ड."

या उत्तराने त्या इसमाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर त्याच्या जागी मी असतो तर माझेही झाले नसते. त्याने दांडक्याने दारावर ठोकले, पोकळ. छतावर ठोकले, पोकळ. मागल्या झाकणावर, पुढल्या झाकणावर, दिव्यांच्या मधल्या भागावर ठोकले, सर्वत्र पोकळ. ज्याअर्थी ठायी ठायी पोकळी आहे त्याअर्थी ठायी ठायी माल आहे, या तर्काने त्याने वरिष्ठांस बोलावले, वरिष्ठांनीही स्वतंत्रपणे सर्व ठिकाणी ठोकले, आणि अखेर झडतीत मुंजीचा एक नारळ, बुंदीच्या लाडवांचा पुडा आणि माझे रक्तदाबाचे औषध एवढा ऐवज हस्तगत झाला. लाडवांतला एक वानगीदाखल ठेवून घेण्यात आला.

दुसऱ्या दिवशी सोमवार, म्हणजे बांद्याच्या बाजाराचा दिवस होता, आणि बातमी माझ्या आधी बाजारात पोहोचली होती. आमच्या लोकांचा एक विशेष गुण असा की, त्यांच्यासमोर दुःख मांडले तर ते सहानुभूती दाखवत नाहीत. ते उपाय सांगतात. पोटात दुखते म्हणा, मुलीचे लग्न अडले म्हणा, सातबाऱ्यावर आजोबांच्या चुलतभावाचे नाव लागले म्हणा, समोरचा मनुष्य हातातली कोलंबी तागडीत टाकता टाकता त्यावर निश्चित, अनुभवसिद्ध आणि त्याने स्वतः कधीही न केलेला उपाय सांगून मोकळा होतो. कणगरांच्या ढिगाशेजारी उभ्या उभ्या मला त्या दिवशी जेवढे ध्वनिशास्त्र शिकायला मिळाले, तेवढे एखाद्या विद्यापीठाच्या आवारातही मिळाले नसते.

पहिला उपाय गॅरेजवाल्याचा. त्याने मडगार्डांच्या आत काळ्या डांबरी द्रव्याचा दाट फवारा मारला, त्यास तो अंडरकोटिंग म्हणत असे, आणि 'आता आवाज काढून दाखवा' असे मला आव्हान दिले. आवाज खरोखरच कमी झाला. परंतु एप्रिलच्या उन्हात ते द्रव्य वाळेचना. उलट मऊ पडून, अंगावर येणारा प्रत्येक खडा प्रेमाने स्वीकारू लागले, आणि महिन्याभरात आतून खडीचा असा जाड गिलावा तयार झाला की सुकाणू डावीकडे वळवले असता टायर त्यावर घासून गिरणीचा आवाज काढू लागला. रस्त्यावर पसरलेली खडी रस्त्यावरून नाहीशी होऊन आमच्या मडगार्डात स्थायिक झाली, आणि त्या वाटेचे काम पुन्हा काढावे लागले ते त्यामुळेच, असे बाजारात अजूनही बोलले जाते.

दुसरा उपाय चुलत्यांचा. त्यांची श्रद्धा काथ्यावर. नारळाच्या सोडणापासून काढलेला काथ्या, त्याची विणलेली जाड चटई आत तारेने बांधून टाकली की पुढच्या पिढीपर्यंत बघायला नको. चटई उत्तम होती, आणि कोरड्या दिवसांत तिने चोख कामगिरी बजावली याची मी कृतज्ञतेने नोंद करतो. मात्र जूनमध्ये ती भिजली, जुलैत तिच्यात चिखल भरला, ऑगस्टात तिला अंकुर फुटले, आणि गणपतीत गौरीच्या दिवशी कुटुंब तेरडा आणण्यासाठी माळावर निघाले असता वाटेत गाडीपाशी थबकले.

"माळावर कशाला जायला हवं? इथेच आहे की!"

त्या वर्षी गौर आमच्या मागल्या उजव्या मडगार्डातून घरात आली.

तिसरा उपाय दोडामार्गाकडच्या एका मल्याळी बागायतदाराचा. केरळातून येऊन त्या भागात रबराचे मळे उभे करणाऱ्यांपैकी ते एक. मनुष्य मितभाषी आणि सज्जन. धुरावर वाळवलेली रबराची दोन पाने त्यांनी मला विनामूल्य दिली. रबराची चिवटाई निर्विवाद. पण त्या कच्च्या रबराला जो दर्प असतो त्याचे आमच्या आळीतल्या श्वानवर्गाला विलक्षण आकर्षण निघाले, आणि मी बाहेर पडलो की मागे सात-आठ कुत्र्यांचा लवाजमा धावू लागला. संस्थानकाळात सावंतवाडीच्या अधिपतींच्या स्वारीपुढे काय थाट असे ते मी ऐकून आहे. माझा थाट मागे होता, इतकाच फरक. मावसभावाने याच सुमारास काजूच्या टरफलांचे तेल चोपडण्याची शिफारस केली. होड्यांच्या आणि खांबांच्या लाकडाला आमचे लोक ते पूर्वापार लावत आलेले आहेत, आणि मोटारींच्या ब्रेकांच्या पट्ट्यांतही त्यापासून केलेली भुकटी घालतात, तेव्हा सूचना अगदीच निराधार नव्हती. पण ते तेल हाताला लागले तर कातडी सोलून निघते, आणि मावसभाऊ स्वतः हात लावायला तयार नव्हता. प्रकरण स्थगित ठेवले.

या साऱ्या तज्ज्ञांमध्ये ज्याला रोगाचे नाव ठाऊक होते तो मनुष्य मात्र मोटारींशी संबंध नसलेला निघाला. आमच्या भागात दशावताराच्या मंडळ्या कार्तिकापासून जत्रांतून रात्ररात्र जागवतात. त्यांतल्या एका मंडळीत पखवाज वाजवणारे एक वृद्ध गृहस्थ सकाळच्या प्रहरी माझ्या गाडीतून परतत होते. रात्रभर राक्षस मारून मंडळी दमलेली. मागे इंद्र आणि संकासुर एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून घोरत होते. खडीची वाट लागताच बुवांनी डोळे न उघडताच म्हटले,

"तात्यानू, डावी बाजू चढली हा."

"म्हणजे काय?"

"तोंडाक कणीक नाय. कणीक नसली काय बाजू अशीच बोंबलता."

गाडी थांबवून त्यांनी मला जे दाखवले ते मी यथातथ्य सांगतो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्यापूर्वी ओल्या कणकेचा गोळा थापतात; कणकेच्या भाराने कातड्याचा स्वर उतरतो, थरथर आवळली जाते आणि टणत्काराच्या जागी घुमार येतो. बुवांनी पिशवीतून कालच्या उरलेल्या कणकेचा गोळा काढला, तो मडगार्डाच्या बाहेरच्या बाजूवर तळहाताने पसरून थापला, आणि आधी मोकळ्या जागी व मग कणकेच्या शेजारी टिचकी मारली. मोकळ्या जागी 'टण्' झाले; कणकेजवळ नुसते 'थप्'. कंपनाला पायबंद घालायचा तर पापुद्र्याला काहीतरी जड, लिबलिबीत आणि स्वतः न वाजणारे चिकटवून ठेवले पाहिजे, म्हणजे थरथरीची शक्ती त्याच्या अंगातच जिरते. इतकी गोष्ट मला समजायला एका पहाटेची टिचकी पुरली. दुर्दैव इतकेच की, बुवांना घरी सोडून मी चहा घेत असता कणकेसकट मडगार्ड एका गाईने इतके मनापासून चाटले की त्या जागचा रंग आजही इतर भागापेक्षा उजळ आहे.

घरात शुद्ध गव्हाची कणीक मोटारीला देण्यास स्पष्ट मनाई झाली. तेव्हा गळक्या गच्चीवर लावतात ती, एका बाजूने चिकट डांबराची आणि दुसऱ्या बाजूने चंदेरी वर्खाची, जाड चादर आणून मी वेंगुर्ल्याकडच्या एका होडीवाल्या कारागिरास बोलावले. आमच्या किनाऱ्यावर लाकडी होड्यांच्या जोडीला फायबरच्या होड्या आल्याला बरीच वर्षे झाली, आणि त्यांची डागडुजी करणारे हात जागोजाग तयार आहेत, हे ध्यानात यायला मला इतका काळ का लागावा ते मी सांगू शकत नाही. तो गाडीखाली शिरला, बराच वेळ तिथेच राहिला आणि बाहेर येऊन म्हणाला,

"होडयेक आम्ही तीन-चार मॅटी मारतंव. हय एकच आसा. वाजात नाय तर काय करात?"

त्याने प्रथम माझा सर्व वैज्ञानिक वारसा, म्हणजे डांबर, काथ्याच्या तारा, रबराचे अवशेष आणि सुमारे घमेलेभर खडी, खरवडून आणि रॉकेलने पुसून काढला. मग रॉकेलचाही अंश राहू नये म्हणून साबणाने धुऊन, पुरते वाळवून, आतला पृष्ठभाग पॉलिश पेपराने घासून त्याची चकाकी घालवली, कारण गुळगुळीत वा तेलकट जागेवर रेझिन धरत नाही. नंतर त्याने काचतंतूंची पांढरी मॅट कात्रीने कापून ठेवली आणि एका जुन्या मगात रेझिन ओतून त्यात हार्डनरचे मोजके थेंब टाकले. "शंभराक एक-दीड, जास्ती नाय," असे त्याने बजावले, आणि तो विडी ओढायला गेला असताना काम लवकर उरकावे या सद्हेतूने मी त्याच मगात आणखी थोडा हार्डनर घातला. मग आधी कोमट झाला, मग तापला, मग त्यातून धूर निघाला, आणि कारागीर परत येईतो त्यात त्याचा नवा ब्रश उभ्याचा उभा कायम झाला. तो मग आणि तो ब्रश यांना वेगळे करणारा माणूस अद्याप जन्मलेला नाही. आमच्या बैठकीत ते दोघे शोभेची वस्तू म्हणून ठेवलेले आहेत.

मॅटीचे दोन थर सुकल्यावर त्यांवर गच्चीची चादर रूळ फिरवून दाबून बसवली. हा कणकेचा वाटा. चादरीला खड्यांचा थेट मार लागू नये म्हणून तिच्या खाली, बोटभर पोकळी सोडून, निळ्या प्लास्टिकच्या पिंपातून कापलेली वाकडी फाळ स्क्रू आणि रुंद वायसर यांनी अडकवली, आणि चिखल साचू नये म्हणून तळाशी निचऱ्याची वाट ठेवली. खडा आता पिंपाला लागतो. पिंप लवचीक असल्यामुळे तो रुसून खाली पडतो. टायर कुठे घासत नाही ना याची खातरी करण्यासाठी माझे दोन्ही मेहुणे, ज्यांचे एकत्रित वजन हा आमच्या घरात कौतुकाचा विषय आहे, मागे बसवून सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहिले. घासले नाही. मेहुण्यांस उतरवण्यास मात्र वेळ लागला, कारण चाचणी पूर्ण होऊनही जेवणाची वेळ होईपर्यंत ते उतरण्यास राजी नव्हते.

आवाज गेला. संपूर्ण गेला असे म्हणणार नाही. पाऊण हिस्सा गेला आणि उरलेला कुजबुजीवर आला. पण इतकी वर्षे त्या गदारोळाआड दबून बसलेले अन्य फिर्यादी आता एकेक करून पुढे येऊ लागले. डावे दार बारीक कण्हते. सायलेन्सरची पट्टी चढावर काहीतरी पुटपुटते. कागद ठेवायच्या कप्प्याचे झाकण दर खड्ड्याला संमती देते. आणि मी गाडी चालवताना नाट्यगीते गुणगुणतो, तीही सदोष, हे कुटुंबाच्या प्रथमच कानी पडले. पूर्वी वळणावर खडी वाजली की चुलीवर चहाचे आधण चढत असे. आता मी अंगणात येऊन उभा राहिलो तरी घरात कोणास पत्ता नसतो, आणि चहाला उशीर होतो. शेजाऱ्यांचीही तक्रार आहे. "तात्यानू, तुमची गाडी आताशा येता ती कळनाच नाय," असे ते खेदाने म्हणतात आणि त्यावर लगेच एक उपाय सुचवतात: मडगार्डात एखादी लहानशी घंटा बांधावी.

तो उपाय मी अमान्य केला आहे. ज्या कोणास हे काम आपल्या गाडीवर करून घ्यायचे असेल त्यांनी ते शिमग्यानंतर आणि मृगाच्या आत उरकावे, कारण हवेत ओल असली की रेझिन नीट सुकत नाही. आणि निळे पिंप विकत घेताना त्यात पूर्वी सुकी मासळी भरलेली नव्हती, एवढी चौकशी अवश्य करावी.